हिरवळीखालची जमीन

घरापुढे अंगण आणि घरामागे परसू, ही आपल्याकडील घराची जुनी मांडणी. त्यातले अंगण भाग्यवान. तेथे सडा पडतो, रांगोळी उमटते, तुळशीचे लग्न लागते, पाहुण्यांचे स्वागत होते. कवींनी आणि कथाकारांनी त्याचे मनसोक्त कौतुक केले आहे. परसाच्या वाट्याला हे कौतुक फारसे आले नाही. तेथे आड असतो, धुण्याचा दगड असतो, मोरीच्या सांडपाण्यावर पोसलेला अळू असतो, एखादे शेवग्याचे वा केळीचे झाड असते. परसू घराची चाकरी करते आणि मागच्या मागे राहते. तमिळ घरातही हीच व्यवस्था. पुढल्या दारी कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी. मागल्या दारी 'कोल्लै', आणि त्या कोल्लैत विहीर, नारळ, केळ आणि कढीलिंब. नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत राहू लागल्यावर हे साम्य मला प्रथम जाणवले आणि परक्या मुलखात थोडासा आधार देऊन गेले.

श्रोतेहो, आज मी आपल्याशी बोलणार आहे ते ह्या परसाच्या एका नव्या अवताराविषयी. ज्यांच्या घरामागे अजून थोडी मोकळी जागा उरली आहे अशा चेन्नईच्या गृहस्थांना अलीकडे तेथे कृत्रिम हिरवळीचे कोर्ट घालून घेण्याची हौस वाटू लागली आहे. टेनिस, बॅडमिंटन, पाच-पाच गड्यांचा फुटबॉल, नाहीतर हल्ली सर्वत्र बोलबाला झालेला पिकलबॉल. खेळ कोणताही असो, खाली हिरवा गालिचा हवा, भोवती जाळी हवी आणि रात्री दिवे हवेत. भाड्याने मिळणाऱ्या अशा मैदानांना मुंबई-पुण्यातही 'टर्फ' ह्याच नावाने ओळखतात. 'आज टर्फवर येतोस का?' असे मुले एकमेकांना विचारतात, तेव्हा त्यांना गवत अभिप्रेत नसते हे आपण जाणतोच. भाड्याचे ते टर्फ आता घरात येऊ पाहत आहे. ही हौस श्रीमंतांची आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता येईल. पण चेन्नईसारख्या शहरात एखाद्याच्या परसात काय अंथरले जाते, ह्याचा शेजाऱ्याच्या विहिरीशी संबंध असतो. म्हणून हा विषय मला बोलण्याजोगा वाटला.

प्रथम ह्या हौसेच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगतो. घरच्या बागेत खेळ मांडणे ही काही आजची चैन नव्हे. टेनिसचा आधुनिक अवतार मुळी बागेतच जन्मला. मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली ह्या खेळाचे एकस्व घेतले आणि जाळे, खांब, रॅकेटी व चेंडू एका पेटीत भरून ती पेटी विकण्यास काढली. पेटी घरी न्यावी आणि आपल्या हिरवळीवर खेळ मांडावा, अशी ती कल्पना. म्हणूनच ह्या खेळाला 'लॉन टेनिस' म्हणतात. विंबल्डनची स्पर्धा त्यानंतर तीन वर्षांनी, १८७७ साली सुरू झाली. म्हणजे घरचे कोर्ट आधीचे आणि स्पर्धेचे कोर्ट नंतरचे.

चेन्नईला तर ह्या बाबतीत मोठी परंपरा आहे. रामनाथन कृष्णन हे १९५४ साली विंबल्डनची कुमार स्पर्धा जिंकणारे पहिले आशियाई खेळाडू. पुढे १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते तेथील उपान्त्य फेरीत पोहोचले, आणि दोन्ही वेळा ज्यांच्याकडून ते हरले ते नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर त्या त्या वर्षीचे विजेते ठरले. त्यांना घडवले त्यांच्या वडिलांनी, टी. के. रामनाथन ह्यांनी. ह्याच रामनाथनांनी पुढे मद्रासमध्ये घराच्या आवारातील मातीच्या कोर्टावर आपला नातू रमेश ह्यालाही शिकवले. त्या नातवाने १९७९ साली विंबल्डनची तीच कुमार स्पर्धा जिंकली. बापाने मुलाला शिकवावे, आजोबाने नातवाला शिकवावे आणि चेंडूचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यावा, ह्याला मी एक प्रकारची घराणेदार तालीमच म्हणेन. गाण्यात जे घराण्याने केले ते येथे परसाने केले. तेव्हा परसात कोर्ट असावे ह्या इच्छेची टिंगल करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

परंतु ते कोर्ट मातीचे होते. आजचे प्लास्टिकचे आहे. हा बदल कसा झाला? कृत्रिम हिरवळीचा इतिहास साठ वर्षांहून थोडा अधिक आहे. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातील मोझेस ब्राउन ह्या शाळेत १९६४ साली ती प्रथम अंथरली गेली. शहरी मुलांना टिकाऊ मैदान मिळावे, हा त्या संशोधनामागील एक हेतू होता. परंतु तिला कीर्ती मिळाली ती ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममुळे. हे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह १९६५ साली उघडले. छपरातून येणारी तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येई म्हणून त्याच्या पारदर्शक तावदानांना रंग फासला. तिरीप गेली, पण तिच्याबरोबर प्रकाशही गेला आणि खालचे खरे गवत मरून गेले. तेव्हा १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत घातले गेले, आणि त्या क्रीडागृहाच्या नावावरून त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पडले.

आपल्या देशाला ह्या नावाची ओळख फार कडू प्रसंगाने झाली. १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा आपला हॉकीचा संघ पुढल्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर उतरला आणि सातव्या क्रमांकावर फेकला गेला. १९२८ पासून ऑलिंपिक हॉकीत पदकाविना परतण्याची ती पहिलीच वेळ. त्या अपयशाला इतर कारणेही असतील. परंतु गवतावर आणि मातीवर वाढलेल्या मुलांना नव्या मैदानाची सवय कोठून मिळणार, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या पाठीस लागला. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन धुळीच्या मैदानावर खेळणारा एका तमिळ कुटुंबातला मुलगा पुढे धनराज पिल्ले झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्णपदक मिळवले, हे खरे. पण प्रत्येक धुळीच्या मैदानातून धनराज निघत नाही. म्हणून 'आमच्या वेळची मातीच बरी' असे म्हणून कृत्रिम हिरवळीला नाक मुरडणे न्याय्य होणार नाही.

चेन्नईपुरते बोलायचे तर तिच्या बाजूने आणखी एक सबळ मुद्दा आहे, तो पाण्याचा. मातीच्या कोर्टाला रोज पाणी शिंपावे लागते. गवताच्या कोर्टाला तर अधिकच. टेनिसचे कोर्ट, भोवतीच्या मोकळ्या जागेसह, १२० फूट लांब आणि ६० फूट रुंद असते. एवढ्या गवताला दिवसाकाठी केवळ पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी सुमारे ३,३०० लिटर लागतील. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागते, तेथे रोज एवढे पाणी खेळासाठी जमिनीवर ओतायचे म्हणजे जिवावर येते. कृत्रिम हिरवळीला हे रोजचे पाणी लागत नाही. विक्रेते हेच आवर्जून सांगतात, आणि तेवढ्यापुरते ते खरेच सांगतात.

मात्र हिशेबाची दुसरी बाजू ते सांगत नाहीत. ती बाजू अशी की, परसाला आपण किती पाणी देतो ह्यापेक्षा परसू आपल्याला किती पाणी देते, हा चेन्नईचा मोठा प्रश्न आहे. येथील पाऊस आपल्याकडच्या पावसाच्या अगदी उलट स्वभावाचा. आपल्याकडे नवरात्र संपते, दिवाळीचे कंदील लागतात, तेव्हा पाऊस निरोप घेऊन गेलेला असतो. येथे तो तेव्हाच येतो. ऐप्पसी ह्या तमिळ महिन्यातील, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातील संततधारेला येथे 'अडैमळै' म्हणतात. वर्षभरात सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ह्या दोन-तीन महिन्यांत पडतो. ते पाणी जमिनीने पिऊन घेतले तर उन्हाळ्यात विहिरीला पाणी. न प्यायले तर डिसेंबरात रस्त्यावर पूर आणि जूनमध्ये घागरी रिकाम्या.

येथे जमीन मोजण्याचे एक परिमाण आहे. त्याला 'ग्राउंड' म्हणतात. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. योगायोग असा की टेनिसचे एक पुरे कोर्ट बरोबर तीन ग्राउंड भरते. ह्या ७,२०० चौरस फुटांवर वर्षाकाठी किती पाणी पडते ह्याचा हिशेब केला तर आकडा नऊ लाख लिटरांच्या वर जातो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी, हे आपल्याकडील नियोजनाचे प्रचलित प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला ते तीन वर्षांहून अधिक काळ पुरेल. अर्थात पडलेले सगळेच पाणी मुरत नाही. काही उडून जाते, काही वाहून जाते. तरीही आकाश आपल्या परसात दरवर्षी केवढी ठेव टाकून जाते, हे त्यावरून ध्यानात येईल.

हा आकडा कोरडा वाटत असेल तर २०१९ सालचा उन्हाळा आठवावा. पूंडी, चोळवरम, पुळल म्हणजे रेड हिल्स, आणि चेंबरंबाक्कम हे चेन्नईला पाणी पुरवणारे चारही जलाशय त्या जूनमध्ये जवळजवळ कोरडे पडले. जुलैच्या १२ तारखेला जोलारपेट्टैहून पाण्याची आगगाडी विल्लिवाक्कमला आली. तिच्यात २५ लाख लिटर पाणी होते. महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे दृश्य नवे नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली अशीच गाडी लातूरला पोहोचली होती, आणि तिच्या स्वागताला लोक कसे जमले होते हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आता आपला हिशेब पुन्हा मांडून पाहा. टेनिसच्या तीन कोर्टांएवढ्या जागेवर चेन्नईत वर्षभरात सुमारे २८ लाख लिटर पाऊस पडतो. म्हणजे ज्या गाडीसाठी सारे शहर डोळे लावून बसले होते, त्या गाडीहून अधिक पाणी तीन परसांवर दरसाल निमूटपणे उतरते. त्याला मुरायला वाव द्यायचा की त्याला गटाराची वाट दाखवायची, एवढेच आपल्या हाती असते.

आणि गटाराची वाट दाखवल्यास काय होते, हेही ह्या शहराने भोगले आहे. १ डिसेंबर २०१५ च्या त्या भीषण रात्री तांबरम भागात चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला आणि अड्यार नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. एवढा पाऊस कोणतेच परसू पिऊ शकणार नाही, हे उघड आहे. पण नेहमीच्या जोरदार पावसातही ज्या गल्ल्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात, त्यांचे दुःख बऱ्याच अंशी आवाराआवारांतील फरशी आणि कोबा ह्यांनी ओढवलेले असते.

मग कोर्ट घालूच नये काय? असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की कोर्ट घालताना लोक वरचा गालिचा निवडण्यात महिना घालवतात, त्याचा रंग पाहतात, त्यावर हात फिरवून पाहतात, आणि त्याच्या खाली काय घालणार हे कंत्राटदाराला विचारीतसुद्धा नाहीत. वास्तविक ह्या साऱ्या कामातला निर्णायक भाग खालीच असतो.

माझ्या पाहण्यात चेन्नईतील अशी दोन घरे आहेत. पहिल्या घरी कंत्राटदाराने सारे परसू सपाट करून त्यावर काँक्रीटचा जाड कोबा घातला आणि कोब्यावर हिरवळ चिकटवली. काम आठवड्यात उरकले. चेंडू छान उसळू लागला. नोव्हेंबरात पहिला मोठा पाऊस आला तेव्हा सगळे पाणी उताराने शेजारच्या भिंतीशी जमले आणि भिंतीखालून त्या घरात शिरले. दोन्ही घरांचे वर्षानुवर्षांचे येणे-जाणे त्या पाण्यात वाहून गेले. दुसऱ्या घरच्या मालकांनी कोबा घालू दिला नाही. त्यांनी आठ-दहा इंच माती खणून काढली, तळ हलक्या हाताने चोपून घेतला आणि त्यावर पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरले. ह्या कापडाला जिओटेक्स्टाइल म्हणतात. खालची माती वर चढून खडीत मिसळू नये, हे त्याचे काम. त्यावर आधी मोठी खडी, मग लहान खडी आणि शेवटी बारीक कच, असे थर देऊन प्रत्येक थरावर रोलर फिरवला. शंभर फुटांना एक फूट एवढा बेताचा उतार ठेवला. कडेने दगडी पट्टी बसवली. आणि मग हिरवळीच्या गुंडाळ्या उलगडल्या.

ह्या गुंडाळ्यांची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे धागे एका जाड पाठीत विणलेले असतात आणि त्या पाठीला ठरावीक अंतरावर भोके असतात. ही भोके पाणी खाली जाण्यासाठी असतात. तेव्हा ज्या वस्तूच्या अंगी पाणी सोडण्याचा गुण आधीच आहे, तिच्याखाली कोबा घालणे म्हणजे चाळणीखाली ताट धरण्यासारखे आहे. दोन गुंडाळ्यांचा सांधा खालून पट्टी लावून आणि डिंकाने जोडतात. पांढऱ्या रेषा हिरवळ कापून तिच्यात बसवतात. आणि अखेर धाग्यांच्या मध्ये धुऊन चाळलेली वाळू पसरून ती ब्रशाने आत घालतात. वाळूच्या वजनाने गालिचा जागच्या जागी राहतो, धागे उभे राहतात आणि चेंडूची उसळी सारखी होते. वाळू एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त झाली तर खेळाडूला ते पहिल्याच फटक्यात कळते.

खडीच्या थराचा उपयोग केवळ पाणी खाली जाऊ देण्यापुरता नाही. खडीच्या दाण्यांमध्ये सुमारे एक-तृतीयांश जागा पोकळ असते. वीस सेंटिमीटर जाडीचा थर असेल तर त्या पोकळीत सहा सेंटिमीटरांहून अधिक पाऊस तात्पुरता मावतो आणि मग सावकाश जमिनीत उतरतो. म्हणजे कोर्टाखाली एक अदृश्य तळेच तयार होते. मुले वर खेळत असतात आणि खाली विहिरीचा उन्हाळा भरून निघत असतो.

मात्र सर्वत्र एकच उपाय चालेल असे नव्हे. चेन्नईची जमीन एकजात नाही. समुद्रकाठच्या तिरुवान्मियूरसारख्या भागात वाळू आहे. तेथे पाणी पाहता पाहता मुरते, आणि ते मुरणे फार अगत्याचे असते, कारण गोड पाण्याचा दाब कमी झाला की समुद्राचे खारे पाणी विहिरींकडे सरकू लागते. अण्णा नगर, त्यागराय नगर ह्या भागांत चिकण माती आहे. तेथे खडीत साठलेले पाणी लवकर उतरत नाही, म्हणून कडेला चर खणून ते खोल शोषखड्ड्यात न्यावे लागते. गिंडी, वेळच्चेरी ह्या बाजूंना खाली खडक लागतो. तेव्हा कोर्टाचा नकाशा काढण्यापूर्वी एक खड्डा खणून त्यात दोन-चार बादल्या पाणी ओतावे आणि ते किती वेळात जिरते ते घड्याळ लावून पाहावे. ह्या परीक्षेला खर्च नाही. आणि एवढे करण्याची तयारी नसेल त्याने कोर्ट घालण्याची घाई करू नये.

पाण्याइतकाच विचार उन्हाचा केला पाहिजे. खरे गवत आपल्या पानांतून पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला ती विद्या अवगत नाही. कडक उन्हात कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग साठ अंश सेल्सियसच्या पुढे तापू शकतो. वर पाणी मारले तर थोडा वेळ बरे वाटते आणि पुन्हा ती तापते. अशा वेळी अनवाणी लेकराने त्यावर पाऊल टाकले तर काय होईल, हे सांगायला नको. त्यात भर म्हणून काळ्या रबराचे दाणे पसरले तर उष्णता आणखी वाढते, आणि ते दाणे पावसाबरोबर वाहून मातीत व पाण्यात जातात ते वेगळेच. युरोपीय संघाने २०२३ साली प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांवर निर्बंध घातले, त्यांत मैदानांवर पसरण्याच्या ह्या दाण्यांचाही समावेश आहे. त्यांना आठ वर्षांची मुदत दिलेली आहे. आपल्याकडे घरच्या कोर्टाला रबराची गरजच नाही, वाळू पुरते. हिरवळीचे धागेही वापराने झिजतात आणि त्यांचे तुकडे सुटतात. म्हणून छपराचे स्वच्छ पाणी सरळ विहिरीत सोडावे; कोर्टावरचे पाणी मात्र वाळू आणि मातीच्या थरांतून गाळूनच खाली जाऊ द्यावे. आणि आठ-दहा वर्षांनी हा गालिचा जीर्ण होईल तेव्हा तो टाकायचा कोठे, हा प्रश्न विकत घेतानाच विक्रेत्याला विचारावा. विज्ञानही स्वस्थ बसलेले नाही. २०२३ साली आशियाई चॅम्पियन्स हॉकी स्पर्धेसाठी चेन्नईच्या एगमोर भागातील महापौर राधाकृष्णन स्टेडियमवर जी हिरवळ अंथरली, तिच्या धाग्यांचे प्लास्टिक बहुतांशी उसापासून तयार केलेले होते. उसाच्या मुलखातून आलेल्या माणसाला ही बातमी ऐकून गंमत वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु उसापासून केले तरी ते प्लास्टिकच, हेही विसरता कामा नये.

शेवटचा विचार आकाराचा. ज्याच्या परसात तीन ग्राउंड जागा आहे असा भाग्यवान आज चेन्नईत विरळा. बॅडमिंटनचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते, पिकलबॉलचेही तेवढेच. खेळताना मागेपुढे धावायला जागा सोडली तरी एका ग्राउंडाच्या आत काम भागते. तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवळ अंथरण्याचा हट्ट धरू नये. कडेला दोन-तीन हात उघडी माती राहू द्यावी. तेथे नारळ असेल, कडुनिंब असेल, तर त्याला हात लावू नये. दुपारची सावली तोच देणार आहे, आणि ती सावली कोणत्याही दुकानात गुंडाळीने मिळत नाही.

श्रोतेहो, शासकीय सेवेतील माणसाने नियमांवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा असते, आणि तो मी ठेवतो. तमिळनाडूने २००३ साली प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची केली. त्याच्या आदल्याच वर्षी मंदवेली भागात 'रेन सेंटर' नावाचे एक छोटे केंद्र उघडले होते. शेखर राघवन ह्यांच्यासारख्यांनी तेथून घरोघरच्या विहिरींची बाजू चिकाटीने मांडली. त्या सक्तीनंतर अनेक विहिरींचे पाणी वर आले. ही आपल्या देशातील नगरकारभाराची अभिमानास्पद गोष्ट आहे. परंतु नियमाची मजल एका ठिकाणी संपते. छपरावरून एक नळी खाली आणली, एक खड्डा दाखवला, की तपासनीसाच्या वहीत खूण होते. पुढे त्या खड्ड्यातला गाळ कोणी काढला की नाही, आणि त्याच्या शेजारचे सगळे परसू कोब्याखाली गेले की काय, हे पाहायला रोज कोण येणार? नियम कागदावर पाळता येतो. पाणी कागदावर मुरत नाही. तेथे घरधन्याची समज हीच खरी यंत्रणा.

ही समज काही अवघड नाही. आपल्या आजीला ती होती. मोरीचे पाणी अळवाला आणि हात धुतलेले पाणी केळीला, हा तिचा जलव्यवहार होता, आणि त्यासाठी तिला कोणी परिपत्रक धाडले नव्हते. परसातले पाणी परसातच जिरले पाहिजे, एवढेच तिला ठाऊक होते. आज अळवाच्या जागी कोर्ट येत असेल तर येवो. मुलांना खेळायला जागा हवी. रस्ते त्यांच्यापासून हिरावले गेले, मैदाने आक्रसली, आणि हातातल्या पडद्याने त्यांचे उरलेले अंगण गिळले. अशा काळात एखाद्या घरातून संध्याकाळी चेंडूचा आवाज येत असेल तर तो मला मंगल वाटतो. फक्त त्या आवाजाखालची जमीन जिवंत असावी. हिरवळ खोटी असली तर चालेल. तिच्याखालची माती खरी राहू द्यावी. ऐप्पसीतल्या एखाद्या रात्री खेळ थांबेल, दिवे मालवले जातील, पाऊस त्या हिरव्या गालिच्यावर उतरेल आणि भोकाभोकांतून, खडीखडीतून, कोणाच्याही नकळत खाली जाईल. पुढच्या मे महिन्यात शेजारच्या घरी विहिरीवरचा पंप सुरू होईल तेव्हा त्या पाण्याचा उगम कोठला, हे शेजाऱ्याला कळणारही नाही. न कळो बापडे. शेजारधर्म पुष्कळदा असाच, जमिनीखालून, पाळला जातो.